पाचशेवरचा विसावा

भट्टीघरात तिला सगळे वहिनी म्हणत आणि या गोष्टीचा तिला मनापासून राग होता. इतकी वर्षं सिलिकॉन कार्बाइडच्या भट्ट्या तिनं सांभाळल्या, हजारो कांड्या वाजवून बोटांची पेरं दगडासारखी झाली, आणि ओळख मात्र नवऱ्याची. तो तिच्या आधी वर्षभर नोकरीला लागला होता, एवढंच त्याचं कर्तृत्व, असं ती चारचौघांत म्हणायची. तो शेजारी उभा असला तर मुद्दाम मोठ्यानं म्हणायची.

कारखाना भट्ट्या तापवायच्या कांड्या करायचा. काळ्या, हाताला खरखरीत, उजेडात धरल्या की कण न् कण चमकणाऱ्या. कुणाच्या पोलादाच्या, कुणाच्या चिनी मातीच्या भट्टीत त्या जाऊन बसायच्या आणि लालबुंद होऊन जन्मभर जळत राहायच्या. कांडी भाजून निघाली की वहिनी ती एका हातानं अधांतरी धरायची आणि दुसऱ्या हाताच्या पेरानं टक् करून वाजवायची. नीट भाजलेली कांडी खणखणीत वाजते, तडा गेलेली बद्द वाजते. तपासायला यंत्र होतं, नाही असं नाही. पण यंत्राच्या आधी वहिनीचं पेर, हा तिथला शिरस्ता होता आणि तो मोडायची कुणाची टाप नव्हती.

नवरा मागच्या शेडमध्ये बसायचा. त्याचा माल वेगळा. मोलिब्डेनम डायसिलिसाइड हे नाव उच्चारून होईपर्यंत समोरचा चहा निवतो, म्हणून सगळे नुसतं मॉली म्हणत, आणि त्याला मॉलीसाहेब. मॉलीमध्ये कार्बाइडचे बारीक कण मिसळून त्याला एक नळी करायची होती, वितळलेल्या काचेत उभी बुडवून ठेवता येईल अशी. काचेच्या टाकीत किती उष्णता आहे हे बघायचं तर आत मोजणारी तार सोडावी लागते, आणि त्या तारेवर काहीतरी कवच लागतं. नुसतं कार्बाइड काचेत घातलं की काच फसफसून बुडबुडे धरते. नुसती मॉली काचेला दाद देत नाही, पण थंड असताना बशीसारखी फुटते. दोघांचा संसार जमला तर काम होईल, असं त्याचं म्हणणं होतं.

"म्हणजे शेवटी माझ्या कार्बाइडशिवाय तुझं पान हलत नाही," ती म्हणायची.

"कण आहेत गं तुझे. चवीपुरते."

हा संसार जमवता जमवता त्याच्या डोक्यावरचे केस गेले. भुकटी दळायची, चाळायची, साच्यात दाबायची, हवा लागू न देता अर्गॉन वायूत भाजायची, आणि निघालेली नळी हातात दोन तुकडे होऊन येताना बघायची. मग एका वर्षी नळ्या फुटायच्या थांबल्या. काय बदललं ते फक्त त्याला ठाऊक. लिहून ठेवा, असं कारखान्याच्या साहेबांनी सांगितलं तर म्हणाला, आधी टिकू देत, मग लिहू. न टिकलेल्या गोष्टीचं काय लिहायचं? बिनडाग अशा सहा नळ्या झाल्या आणि त्यासाठी दळलेली खास भुकटी त्यांच्यातच संपली.

घरात मात्र भट्टीचं नाव काढायचं नाही, हा तिचा कायदा होता. लग्नाच्या पहिल्याच वर्षी एकदा जेवायला बसल्यावर कार्बाइड की मॉली यावरून दोघांची अशी जुंपली की ताटं तशीच राहिली आणि दोघं उपाशी झोपले. सकाळी तिनं जाहीर केलं, उंबऱ्याच्या आत भट्टी येणार नाही. त्यानं तो कायदा इमानेइतबारे पाळला. घरात ती बागेतल्या कुंड्यांवर बोलायची, तो क्रिकेटवर बोलायचा, आणि दोघंही एकमेकांचं न ऐकता सुखात होते. त्यामुळे त्या नळ्या कशासाठी आहेत हे तिला माहीत होतं, त्यांची पथ्यं काय आहेत हे तिनं कधी विचारलं नव्हतं.

चाचणीच्या दिवशी त्यानं नळ्या स्वतःच्या हातानं भट्टीत लावल्या, उष्णतेत टिकणाऱ्या सिमेंटमध्ये एकेक उभी बसवली. पंधराशे डिग्रीपर्यंत न्यायचं आणि तिथे धरून ठेवायचं, असं ठरलं होतं. काचेच्या कारखान्याची इंजिनिअर दुसऱ्या दिवशी बघायला येणार होती. नळ्या टिकल्या तर मागची शेड टिकणार होती, नाहीतर साहेबांनी तिथे गोदाम करायचं मनात धरलंच होतं.

भट्टी चढत होती आणि पुढच्या शेडमध्ये वहिनी कांड्या वाजवत होती, तेवढ्यात पैलवान धावत आला. पैलवान म्हणजे कारखान्याचा इलेक्ट्रिशियन. अंगावर मूठभर मांस नाही म्हणून पैलवान.

"वहिनी, मॉलीसाहेब पडले."

तो भट्टीच्या पुढ्यात आडवा होता. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. उजवा हात अंगाखाली होता, आणि डोळे उघडे होते, ते वरच्या कंट्रोलरच्या आकड्यांवर लागले होते. तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं, हाका मारल्या, गालावर थोपटलं. त्याचे डोळे आकड्यांवरून हलेनात.

हॉस्पिटलच्या जिन्यात बसलेली असताना पैलवानाचा फोन आला. भट्टी पाचशेपर्यंत गेलीये, पुढे काय करू, बंद करू का?

तिला विचार करावा लागला नाही. कार्बाइडच्या शेडमध्ये एक रीत होती. काम अर्ध्यात अडलं तर भट्टी विझू द्यायची नाही, कारण थंड होताना विटा आवळतात, सिमेंट तडकतं आणि आतल्या मालाचा जीव जातो. पाचशेवर आणून धरून ठेवायची. याला ते विसावा म्हणत. महिना महिना विसाव्याला राहिलेल्या भट्ट्या तिनं पाहिल्या होत्या आणि आतली कांडी नंतर वाजवली तर खणखणीत.

"बंद करू नकोस," ती म्हणाली. "पाचशेवर विसाव्याला धर. डोळ्यांत तेल घालून बघ, लाईट गेली तर जनरेटरवर घे."

दुसऱ्या दिवशी साहेब भेटायला आले. जीव वाचला होता. उजवी बाजू गेली होती आणि वाचा गेली होती. साहेब तसे भले माणूस. त्यांनी इकडचंतिकडचं विचारलं आणि मग चाचरत म्हणाले, "चाचणी आपण पुढे न्यायची का? माझ्याकडे दुसरा एक इंजिनिअर आहे. ठरल्याप्रमाणे पंधराशेला नेऊन ठेवेल."

"नाही," ती म्हणाली.

"म्हणजे, नळ्या आत अडकून..."

"साहेब, भट्ट्या मला शिकवू नका. विसाव्याला आहे ती. तो बरा होऊन येईल आणि स्वतःच्या हातानं वर नेईल. त्याच्या नळ्यांना दुसऱ्या कुणाचा हात लागायचा नाही."

तिचा आवाज चढला तशी कॉरिडॉरमधली माणसं वळून बघायला लागली. साहेबांनी हात टेकले. तिनंच काचेच्या कारखान्यात फोन करून चाचणी पुढे ढकलल्याचं सांगितलं, भट्टी विझू दिलेली नाही हेही सांगितलं. पलीकडची इंजिनिअर म्हणाली, फार चांगलं केलंत. फोन ठेवताना वहिनीला कितीतरी तासांनी जरा धीर आला. नवरा अर्धा हातचा गेला होता. उरलेला अर्धा त्या भट्टीत सुखरूप आहे आणि तो आपण राखला आहे, असं तिला खरंच वाटलं.

त्याला घरी आणलं आणि मदतीला वन्सं आल्या. त्याची थोरली बहीण, शाळेतून निवृत्त झालेली, आवाज अजून वर्गातला. दिवसा वन्सं, संध्याकाळपासून ती, अशी वाटणी झाली. खिडकीशी पलंग हलवला, उशाशी पाण्याचं भांडं, औषधांचा डबा, पुसायला फडकी. त्याच्या तोंडात एकच शब्द शिल्लक राहिला होता: बरं. तहान लागली तरी बरं, पाय दुखला तरी बरं. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं की तो शब्द त्याच्या ताब्यात नाही, नाही म्हणायचं असेल तरी तोंडातून बरंच येईल, मात्र आपण बोलतो ते त्याला सगळं कळतं. वन्संनी अक्षरांचा तक्ता आणून पुढे धरला. त्याचं बोट एका अक्षरावर गेलं, तिथून भलत्याच अक्षरावर गेलं, आणि तो हुंदके द्यायला लागला. डाव्या हातात पेन्सिल दिली तर नुसती वेटोळी निघाली. तक्ता कपाटामागे गेला.

त्याला बोलतं करायला एक बाई आठवड्यातून दोनदा यायची. तरतरीत, पायांत बूट, सारखी हसतमुख. ती म्हणाली, "ज्या गोष्टीनं ते हलतात तिचा विषय काढा. काही सांगायची तळमळ असली ना, की शब्दाला वाट सापडते. त्यांना काय आवडतं?"

वन्संनी वहिनीकडे पाहिलं. त्या संध्याकाळी वहिनीनं स्वतःचा कायदा मोडला. पलंगाच्या कडेला बसून त्याचा डावा हात हातात घेतला.

"ऐक. तुझी भट्टी मी सांभाळलीये. विझू दिली नाही. नळ्या आत तशाच आहेत, कुणी दार उघडलेलं नाही. पाचशेवर विसाव्याला ठेवलीये, एक डिग्री इकडची तिकडे होत नाही."

त्याचे डोळे केवढे तरी मोठे झाले. "बरं," तो म्हणाला. मग ओरडलाच, "बरं! बरं! बरं!" मानेच्या शिरा टरारल्या. डावा हात तिच्या हातातून सोडवून घेऊन त्यानं तळवा वर वर उचलायला सुरुवात केली.

"उठवून बसव म्हणतोय गं," वन्सं दारातून म्हणाल्या.

दोघींनी त्याला धरून वर सरकवलं, पाठीशी उशी दिली. हात वर जातच होता. आणखी एक उशी दिली. तो आता जवळजवळ ताठ बसला होता आणि तरी हात वर, वर. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"बघा वन्सं," ती म्हणाली, "किती आनंद झालाय त्याला."

शब्द त्याच्या ताब्यात नाही हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, ती विसरली नव्हती. पण माणसाला ज्या वेळी बरं हवं असतं त्या वेळी तो बरंच ऐकतो. बोलतं करणारी बाई हे ऐकून खूष झाली. म्हणाली, रोज सांगा, हीच ती तळमळ, यातूनच बोलतील.

मग ती रोज सांगायला लागली. पैलवानाला तिनं सांगून ठेवलं, तो दुपारी कंट्रोलरचा फोटो काढून पाठवायचा, काळ्या पट्टीवर लाल अक्षरात पाचशे. घरी आली की चप्पल काढायच्या आधी ती तो फोटो त्याच्या डोळ्यांपुढे धरायची, लेकराचा फोटो दाखवावा तसा. रोज तो ओरडायचा, रोज हात वर जायचा, रोज दोघी त्याला उचलून बसवायच्या. एकदा त्यानं झटका देऊन फोन तिच्या हातातून उडवला. एकदा तिचं मनगट धरलं आणि डाव्या हातात होती नव्हती ती सगळी ताकद लावून तिला दाराकडे ढकललं. ती उठून पुन्हा जवळ आली, त्यानं पुन्हा ढकललं.

ती स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडली. वन्सं मागोमाग आल्या.

"मनावर घेऊ नकोस. आजारी माणसाचा राग तो."

"मी नकोशी झालेय त्याला. मी चालतेय, बोलतेय, त्याच्या भट्टीपाशी जाऊन येतेय, आणि तो इथे. त्याला मी डोळ्यांसमोर नको."

"वेडी आहेस. तू कामावर जातेस ना, ते खुपत असेल. राहा की दोन दिवस घरी."

तिनं रजा टाकली. दिवसभर त्याच्या उशाशी बसून राहिली, म्हणाली, बघ, मी कुठे जात नाही. तो मूठ आवळून गादीवर मारत राहिला. मारून मारून थकला की छताकडे बघत पडायचा, आणि ती कपाळावरचा घाम पुसायची.

अखेर काचेच्या कारखान्यानं कळवलं की आता थांबणं शक्य नाही; त्यांची टाकी दुरुस्तीनंतर पुन्हा भरायची होती. साहेबांनी तिला बोलावून घेतलं आणि या खेपेला ते चाचरले नाहीत. "तुम्ही उभ्या राहा. तुमच्या हातानं न्या वर. तुमचा हात त्यांचाच की." तिला हे पटलं. त्या संध्याकाळी तिनं त्याला सांगितलं, "उद्या मी वर नेतेय. तुझ्याऐवजी मी. चालेल ना तुला?" त्यानं तिच्याकडे खूप वेळ पाहिलं. हात उचलला नाही, आवाज केला नाही. त्याचा होकार आहे असं धरून ती निश्चिंत झोपली.

काचेच्या कारखान्याची इंजिनिअर वहिनीहून लहान होती, मोजकं बोलणारी, बाह्या दुमडलेली. आल्या आल्या तिनं मॉलीसाहेबांची चौकशी केली, चहा नको म्हणाली आणि थेट भट्टीपाशी गेली. कंट्रोलरकडे पाहून म्हणाली, "मध्ये बंद करून आज सकाळी पुन्हा सुरू केलीत वाटतं."

"सुरू कशाला? बंदच कुठे केली होती. तेव्हापासून विसाव्याला आहे."

"विसाव्याला म्हणजे?"

"पाचशेवर."

ती बाई कंट्रोलरकडे बघत राहिली. मग वहिनीकडे वळली. "इतके आठवडे पाचशेवर? वरच्या उष्णतेला एकदाही नेली नव्हती?"

"त्याच्याच हातानं न्यायची होती ना."

"ताई, दार उघडू या."

"आत्ता? सिमेंट तडकेल की."

"उघडू या," ती बाई हळूच म्हणाली, आणि तिचा आवाज ऐकून पैलवानानं हातमोजे चढवले.

दार उघडलं. आत अंधार होता, पाचशेला भट्टी लाल दिसत नाही, नुसती धग तोंडावर आली. पैलवानानं आत बॅटरी मारली. सिमेंटची चौकट जागच्या जागी होती, तिला केसाएवढाही तडा गेला नव्हता. तिच्या सहा भोकांतून सहा लहान ढीग वर आले होते, वारुळाची माती वर यावी तसे. हळदीसारखी पिवळी भुकटी. नळी एकही नव्हती.

पैलवानानं लांब चिमट्यानं चौकटीखालचा ट्रे पुढे ओढला. बाहेरच्या हवेत भुकटी निवत गेली तशी तिचा पिवळेपणा उतरला आणि ती राखाडी, फिकट दिसायला लागली. वहिनीनं मोजा काढला आणि बोट घातलं. पिठासारखी मऊ होती, बोटाला पोळत होती. तिच्यात काळे कण चमकत होते. तिनं एक कण नखावर घेतला. कार्बाइड. जसा घातला तसा, धार न मोडलेला. तिच्या मालाला काही म्हणता काही झालं नव्हतं.

"हे कशानं?" तिनं विचारलं. आवाज आपलाच आहे हे तिला पटत नव्हतं.

त्या बाईनं साध्या शब्दांत सांगितलं. मॉली खूप तापली की तिच्या अंगावर काचेची पातळ साय धरते. ती साय हवेला आत येऊ देत नाही, खरचटलं तर आपली आपण भरून येते. तिच्याच जोरावर मॉली जगते. पण पाचशेच्या आसपास साय धरत नाही आणि हवा मात्र बारीकसारीक फटींतून आत शिरते. आतून फुगवते, फोडते, भुकटी करते. म्हणून मधल्या उष्णतेत थांबायचं नसतं. एका दमात वर न्यायचं, नाहीतर थंड पडू द्यायचं. थंड झाल्या असत्या तरी एखाददुसरी तडकली असती, बाकीच्या वाचल्या असत्या.

"आणि वर नेल्या असत्या तर?" साहेबांनी विचारलं. ते कधी येऊन उभे राहिले होते कुणाला कळलं नव्हतं.

त्या बाईनं दुमडलेल्या बाह्या खाली केल्या.

"किती वेळ लागला असेल याला?" वहिनीनं विचारलं.

"सांगता येत नाही, ताई. सुरुवातीला हळू असतं. पहिल्या काही दिवसांत वर नेल्या असत्या तर कदाचित दोनतीन तरी हाती लागल्या असत्या." मग तिला राहवलं नाही. "मॉलीसाहेबांना हे पुरतं माहीत होतं. मला त्यांनीच समजावलं होतं. त्यांनी सांगितलं नाही तुम्हाला?"

"तो बोलत नाही," वहिनी म्हणाली.

आणि म्हणता म्हणता तिला तो हात दिसला. तळवा आभाळाकडे, वर, वर. दोन उशा दिल्यावरही वर. दाराकडे ढकलणारा हात दिसला. फोन उडवणारा हात दिसला. पहिल्याच संध्याकाळी त्यानं सांगितलं होतं. रोज सांगत होता. ओरडून, रडून, तिला घराबाहेर लोटून सांगत होता, आणि ती त्याला उचलून बसवत होती, घाम पुसत होती, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच आकडा त्याच्या डोळ्यांपुढे नेऊन धरत होती. रजा काढून धरत होती. त्याच्या जन्माची कमाई रोज थोडी थोडी मरतेय हे ती त्याला रोज घरी येऊन सांगत होती, वर त्याला आनंद झाला म्हणत होती.

ती खाली बसली, तिथेच, भट्टीच्या पुढ्यात. पैलवानानं पाणी आणलं. तो रडत होता. फोटो त्यानं काढले होते. साहेब म्हणाले, "वहिनी, तुम्हाला कसं कळणार होतं?" हे त्यांनी मनापासून म्हटलं आणि तिला ते थोबाडीत मारल्यासारखं लागलं. गोदामाचं ते त्या दिवशी बोलले नाहीत.

ती घरी गेली तेव्हा ऊन अजून खिडकीत होतं. वन्सं त्याला चमच्यानं चहा भरवत होत्या.

"आलीस? झालं का सगळं नीट?" वन्संनी विचारलं.

येताना रस्ताभर तिनं ठरवत आणलं होतं की खोटं बोलायचं. टिकल्या म्हणून सांगायचं. पंधराशेला टिकल्या, काचवाल्या बाईनं तोंड भरून कौतुक केलं. वन्संना हे सांगता आलं असतं. साऱ्या जगाला सांगता आलं असतं. त्याला मात्र ते सांगता येणार नव्हतं, कारण पाचशेवर काय होतं हे त्या खोलीत त्याला एकट्यालाच पहिल्यापासून माहीत होतं.

"वन्सं, जरा बाहेर जाता?"

वन्सं कप घेऊन गेल्या. ती पलंगाच्या कडेला बसली. तो तिच्याकडे बघत होता. हात उचलत नव्हता.

"मला कळलं," ती म्हणाली. "तू काय सांगत होतास ते मला आज कळलं. वर ने म्हणत होतास. जा आणि वर ने म्हणत होतास. मी तुला उशा देत होते. सगळ्या गेल्या. सहाच्या सहा. पीठ झालंय. मी केलंय ते, दुसऱ्या कुणी नाही. साहेब दुसऱ्याच दिवशी वर नेत होते, मी नेऊ दिलं नाही. मला शिव्या दे. मला मार. काहीतरी कर रे."

त्यानं शिवी दिली नाही, मारलं नाही. त्यानं एक लांब श्वास सोडला. इतक्या आठवड्यांत तिनं असा श्वास ऐकला नव्हता. आवळलेला जबडा सैल पडला, मानेच्या शिरा बसल्या, खांदा उशीवर टेकला. त्याच्या तोंडावर राग शोधला तर तिला सापडला नाही, आणि तो सापडला असता तर तिला निदान कुठेतरी धरायला जागा झाली असती. थोड्या वेळानं त्यानं डोळे मिटले. गाढ झोपला, तोंड उघडं टाकून, लहान मुलासारखा. ती त्याच्याकडे बघत बसली.

वन्सं म्हणाल्या, आज किती दिवसांनी स्वस्थ झोपलाय.

त्यानंतर तो स्वस्थच होता. दिलं ते खायचा, वळवलं त्या कुशीवर वळायचा, खिडकीबाहेर बघायचा. वहिनी कामावर जाऊ लागली. तिच्या शेडमध्ये कांड्या भाजून निघत होत्या. ती त्या उचलून वाजवायची, आणि वाजवल्यावर आवाज कसा आला हे तिच्या ध्यानात राहायचं नाही, म्हणून पुन्हा वाजवायची. संध्याकाळी घरी आली की ती त्याच्याजवळ बसायची आणि दोघं एकाच खिडकीतून बाहेर बघायची.

बोलतं करणारी बाई आली. तिनं चित्रं दाखवली, टाळ्या वाजवल्या, त्याच्या ओठांवर बोट ठेवून आवाज काढून दाखवले. तो तिच्याकडे शांतपणे बघत राहिला. तोंड उघडलं नाही. उरलेला तो एक शब्दही नाही. पुढच्या खेपेला तसंच. त्याच्या पुढच्या खेपेला तिनं सामान आवरलं आणि वहिनी आणि वन्संना बाहेरच्या खोलीत घेऊन गेली. पहिल्यांदाच ती हसत नव्हती.

"मला समजत नाहीये," ती म्हणाली. "तब्येत तर सुधारलीये. पण ते प्रयत्नच करत नाहीत. आधी केवढी धडपड होती, मला वाटलं होतं सहा महिन्यांत दोन-चार शब्द नक्की येतील. ती धडपडच गेलीये. आणि ती नसेल तर मी काही करू शकत नाही."

वन्संचा वर्गातला आवाज कुठल्या कुठे गेला. "असं कसं झालं गं?" त्यांनी वहिनीला विचारलं. "काय झालं याला एकाएकी?"

वहिनी दारातून आत बघत होती. तो खिडकीकडे तोंड करून पडला होता, डावा हात पांघरुणावर उघडा.

"काही नाही, वन्सं," ती म्हणाली. "त्याचं सांगून झालं."